ईस्टरच्या सुट्टीत मी ‘बरं’ म्हणालो

शनिवार, २ एप्रिल १९७७. राजोडी.

पोचलो. भुसावळहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, तिथून नालासोपारा, मग टांगा. पोरींच्या शाळेला ईस्टरची नऊ दिवस सुट्टी. मला वर्कशॉपातून रजा मिळाली. मिळू नये असं वाटत होतं का? तसंही नाही. काहीच वाटत नव्हतं. आयचं पत्र आलं— ‘पोरींना घेऊन ये, सात महिने झाले’— म्हणून निघालो.

टांगेवाला ओळखीचा. दर वर्षी आम्ही चौघं त्याच्याच टांग्यात बसायचो. म्हणाला, "बाई मागनं येणार का?" मी उत्तर शोधत होतो तोवर इनेझने सांगून टाकलं, "आमची ममा वारली." सात वर्षांची आहे. पत्ता सांगावा तसं सांगते. टांगेवाल्याने घोड्याला उगाचच चाबूक मारला.

आय म्हणजे रोझलीनची आई. मीही तिला आयच म्हणतो, माझी मला आठवत नाही. अंगणात उभीच होती. दोन्ही पोरींना एकदम कवेत घेतलं आणि मोठ्याने रडली. बाबा— माझे सासरे, फ्रेडरिक— खांबाला टेकून खाली बघत होते. मेव्हणा कॉन्रॅड, त्याची बायको हिल्डा, सगळ्यांचे डोळे ओले. पॉलिनही रडली. ती बारा वर्षांची, तिला सगळं कळतं.

मी ट्रंका उतरवल्या. हातपाय धुतले. पाणी प्यायलो. विहिरीचं पाणी पूर्वीपेक्षा मचूळ लागलं. आजच्या दिवसातलं तेवढंच लक्षात राहिलंय.

रविवार, ३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. सगळं गाव चर्चमध्ये. मिस्सा संपल्यावर बाहेर माणसं रांगेने येऊन माझा हात धरत होती. मी हात देत होतो. एकीने म्हटलं, "सोन्यासारखी बाई!" दुसरीने म्हटलं, "इथं आणायला पायजे होती रे तिला."

ते आयने ऐकलं. घरी येताना वाटेत थांबली. आय मूळची नायगावकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. तिच्या बोलण्यात ण नाही आणि ळ नाही. म्हणाली, "माझी पोर परक्या मातीत ठेवलीस, युजीन. एक दिवस थांबला नाहीस."

थांबलो नाही, खरं आहे. सप्टेंबरात रोझलीनला कावीळ झाली. अकरा दिवसांत संपलं. तार वसईला उशिरा लागली. ही माणसं भुसावळला उतरली तेव्हा माती देऊन झाली होती. तेव्हा आय काही बोलली नव्हती. सात महिने धरून ठेवलं होतं, आज बोलली.

मी काय म्हणालो? "हो" म्हणालो.

सोमवार, ४ एप्रिल

जेवलो. झोपलो. परत जेवलो. हिल्डाने सुकटीची चटणी केली होती. चांगली झाली असावी, सगळे म्हणत होते.

मंगळवार, ५ एप्रिल

सकाळी बाबांनी वाडीत बोलावलं. केळीला पाणी सोडलं होतं. बाबा बांधावर बसले, मी शेजारी. ते बोलायला लागले. आधी पाण्याविषयी— विहिरी खाऱ्या होत चालल्या, पानवेली करपतात, कॉन्रॅडचं मन शेतीत नाही. मग पोरींविषयी काहीतरी. पॉलिन मोठी होतेय, असं. मग फादरचं नाव आलं. परवानगी, अर्ज, मुंबई.

मी पाटाच्या पाण्याकडे बघत होतो. एक आळं भरायचं, पाणी क्षणभर थांबायचं, मग काठावरून पुढच्या आळ्यात उतरायचं. बघायला बरं वाटत होतं. बरं म्हणजे— काही करावं लागत नव्हतं.

बाबा थांबले. माझ्याकडे बघत राहिले. काही विचारलं असणार.

"बरं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच! मग उठून पंप बंद करायला गेले.

दुपारी आयने मला माशाची तळलेली तुकडी दोनदा वाढली.

बुधवार, ६ एप्रिल

आज कळलं मी कशाला ‘बरं’ म्हणालो ते.

पॉलिनकडून कळलं. मी मागच्या पडवीत दाढी करत होतो. ती येऊन आरशाच्या बाजूला उभी राहिली.

"पपा, तुम्ही रेजिनामावशीशी लग्न करणार?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. आजोबांना. आजी हिल्डामामीला सांगत होती, युजीन बरं म्हणाला."

गालावर साबण तसाच. काल वाडीत काय काय बोलणं झालं ते तेव्हा एकेक करून जुळलं. रेजिना म्हणजे रोझलीनची धाकटी बहीण. एकोणतीस वर्षांची, मुंबईत एका इस्पितळात नर्स, तिथेच हॉस्टेलवर राहते. तीन-चार स्थळं आली, एकही जमलं नाही— की तिनेच जमू दिलं नाही. मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करायचं तर चर्चची खास परवानगी लागते. ती मिळते म्हणे. फादर अर्ज लिहून द्यायला तयार आहेत. फक्त माझा होकार हवा होता. तो मी दिला!

"तुला काय वाटतं?" पॉलिनला विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही," म्हणाली आणि गेली.

तोंड धुऊन आत गेलो, आत्ताच सांगून टाकू म्हणून. आय तांदूळ निवडत होती आणि गात होती. चर्चमधलं जुनं गाणं, हळू आवाजात. ह्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच तिला गाताना ऐकलं. मला बघून म्हणाली, "बस, बाला. तू माझ्या उरावरचा धोंडा काढलास. पोरींना आता सावत्र कोनी नाय येनार. रक्ताची मावशी हाय."

बसलो. तिने सूप माझ्यासमोरही सरकवलं. तासभर खडे वेचले.

काय सांगू तिला? तुम्ही माझं लग्न ठरवत होता तेव्हा मी केळीचं पाणी बघत होतो?

गुरुवार, ७ एप्रिल

पवित्र गुरुवार. रेजिना सकाळी आली. निळी साडी, एक हँडबॅग. इनेझ तिच्या कमरेला चिकटली ती दुपारपर्यंत सुटलीच नाही. रेजिनाने माझ्याकडे एकदाच बघितलं. स्टेशनवर कुणी आपलं सामान उचलून चाललं असावं तसं.

जेवणं झाल्यावर हिल्डा म्हणाली, "पोरींना दर्यावर घेऊन जा की दोघं." दोघं! आय भिंतीकडे तोंड करून हसली.

गेलो. सुरूच्या झाडांतून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून. भाटी होती, पाणी लांब गेलं होतं. पोरी शिंपले वेचत पुढे गेल्या. रेजिना वाळूत उभी राहून म्हणाली, "भावजी, तुम्ही हो म्हणालात?"

"बरं म्हणालो."

"म्हणजे?"

सांगितलं. सगळं खरं. बाबा काय बोलले ते मी ऐकलंच नाही, नुसतं बरं म्हणालो. आजकाल मी सगळ्यालाच म्हणतो. वर्कशॉपातही म्हणतो.

ती बघतच राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की खाली बसली. मग पदर तोंडावर धरला आणि ते हसणं राहिलं नाही.

"रोझलीन असती तर तुमच्या थोबाडीत मारली असती तिने," म्हणाली.

"हो."

"कुवेतला नोकरी लागलीय मला. तीन वर्षांचा करार. पासपोर्ट झाला, जूनमध्ये जायचंय. घरी कुणालाच सांगितलं नाही. ईस्टर झाला की सांगणार होते. आणि आज अंगणात पाय ठेवते तर वहिनी म्हणते, मावशीची आई झालीस!"

"मग नाही म्हण त्यांना."

"मी?" ती माझ्याकडे वळली. "मी नाही म्हटलं की ह्या दोघींना माझ्यासमोर उभं करतील. विचारतील, हिला नाही म्हणतेस? ह्या पोरक्या पोरीला? जन्मभर ऐकेन मी. मोठी झाल्यावर इनेझही ऐकेल की मावशीने आपल्याला नाकारलं. तुम्ही म्हणा. पुरुष नाही म्हणाला की चार दिवस चिडतात आणि विसरतात. तुम्हाला तरी कुठं हवंय हे?"

मला हवंय का, हा प्रश्न मला स्वतःला पडलाच नव्हता. आता पडला.

"मला सात वर्षं लागली भावजी, हे जमवायला," ती म्हणाली. "रात्रपाळ्या करून. परीक्षा देऊन. आय सारखी म्हणते, रेजिनाचं कुठं काही जमत नाही. जमलंय. पहिल्यांदा जमलंय."

"बरं," मी म्हणालो.

"परत बरं! ह्या वेळी ऐकलंत ना तरी?"

"ऐकलं."

इनेझने ओंजळभर शिंपले आणून तिच्या मांडीवर ओतले. संध्याकाळी फादरनी बारा जणांचे पाय धुतले. त्यात बाबाही होते. म्हातारपणी माणसाचे पाय किती पांढरे होतात.

शुक्रवार, ८ एप्रिल

गुड फ्रायडे. घरात चूल नाही, सकाळचीच पेज. रेडिओ बंद. मोठ्याने बोलायचं नाही. तीन वाजता क्रुसाची वाट. ऊन फार. इनेझ दमली तेव्हा रेजिनाने तिला उचललं. एवढी मोठी पोर.

आजच्या दिवशी कसं सांगणार? आज कुणी असलं काही बोलत नाही. उद्या सांगू.

हे निमित्त आहे, कळतंय मला.

दुपारी पोरी आतल्या खोलीत चटईवर पडल्या होत्या, मध्ये रेजिना. इनेझ अर्धवट झोपेत म्हणाली, "ममा, वारा घाल." रेजिनाचा हात थांबला. मग ती वारा घालत राहिली. दारात आय उभी होती. तिने कपाळाला हात लावून क्रूस काढला. तिचा चेहरा मी बघितला. मग तिथून निघून पुढच्या पडवीत येऊन बसलो.

लिहितोच आहे तर हेही लिहून टाकतो. असंच राहिलं तर? मी काही केलं नाही तर? मला काही करावंच लागणार नाही. फादर अर्ज पाठवतील, कॉन्रॅड मांडव घालेल, रेजिना आमच्याबरोबर भुसावळला येईल. पॉलिनला सकाळी उठून डबे भरायला लागणार नाहीत. इनेझ झोपेत ओरडणार नाही. घरात कुणीतरी बोलत राहील. मी वर्कशॉपातून येईन, जेवेन. रेजिना वाईट वागणार नाही. ती तशी नाहीच. फक्त दर जूनमध्ये, कुवेतचं आठवून, माझ्याकडे काल सकाळी बघितलं तसं बघेल.

पुष्कळ माणसं अशी संसार करतात. पोरी वाढतात.

विचार करता करता कळलं की मला ते सोपं वाटतंय. वाईटही वाटलं नाही त्याचं. वाटायला हवं होतं.

शनिवार, ९ एप्रिल

सांगितलं.

दुपारी सगळे जेवायला बसले होते. बाबा म्हणाले, "सोमवारी निघायच्या आधी फादरकडे जाऊन सही करून ये. म्हणजे अर्ज पुढं जाईल." रेजिना आत चुलीपाशी होती. आय भाकऱ्या वाढत होती.

मी म्हणालो, "मला नको."

आयने भाकरी माघारी घेतली. "पोट भरलं?"

"भाकरी नाही, आय. हे लग्न. मला नको."

कॉन्रॅडचा घास हातातच. बाबा म्हणाले, "मंगळवारी तू हो म्हणालास."

"चुकलं."

"चुकलं? गावात सांगून झालंय, युजीन. फादरना सांगून झालंय. चुकलं म्हणजे काय?"

काय सांगणार होतो? खरं सांगितलं तर रेजिनाचं उघड होतं. पाण्याकडे बघत होतो म्हणालो असतो तर वेड लागलंय म्हणाले असते. तोवर आय पुढे आली. आवाज चढवला नाही तिने. "माझ्या पोरीत काय खोट हाय ते सांग. कालीबेंद्री हाय? शिकली नाय? सांग."

"खोट नाही."

"मग?"

सगळे बघत होते. काहीतरी बोलावं लागणार होतं. मी म्हणालो, "ती रोझलीनसारखी नाही."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. आपटल्याचा नव्हे. सावकाश ठेवल्याचा.

"रोझलीनसारखी!" आय म्हणाली. "रोझलीनसारखी कोन असनार? ती तर तू तिकडं पुरून आलास."

बाबा ताटावरून उठले. म्हातारा माणूस अर्ध्या जेवणावरून उठला. मागोमाग कॉन्रॅड. हिल्डाने पोरींना बाहेर नेलं.

पानात भात होता, तो संपवला. एकटाच बसून. आय तिथेच उभी होती, भाकऱ्यांची परडी घेऊन, माझ्याकडे बघत. मी पाट उचलून भिंतीला लावला आणि हात धुतले.

रविवार, १० एप्रिल

ईस्टर. गावभर घंटा, नवे कपडे. आमच्या घरी पिठाचे फुगे तळले, कोंबडी केली, कारण पोरं होती. माझं पान हिल्डाने वाढलं.

चर्चमध्ये आय बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

संध्याकाळी पॉलिन माझ्याजवळ आली. "मला ते लग्न नकोच होतं," म्हणाली. "पण तुम्ही तसं बोलायला नको होतं, पपा. मावशी न्हाणीत रडत होती. नळ नाही तिथं, म्हणून ऐकू आलं."

सोमवार, ११ एप्रिल

निघालो. बाबा वाडीत गेले होते. परत आले नाहीत. आय घरात होती. मी दारात उभा राहून "आय, येतो" म्हणालो. आत सूप पाखडल्याचा आवाज चालूच राहिला. पोरी आत जाऊन तिला भेटून आल्या, दोघींच्या गालांवर तिची आसवं.

कॉन्रॅडने सामान टांग्यात ठेवलं. वाईट माणूस नाही तो. पण माझ्याकडे न बघता मागे फिरला.

रेजिना रस्त्यापर्यंत आली. पोरी टांग्यात चढत होत्या तेवढ्यात हळूच म्हणाली, "दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला?"

"नाही."

"दुसरी कोणी बघून ठेवलीय म्हणायचं होतं."

"तेही खोटंच झालं असतं."

"तेही?" ती म्हणाली. "म्हणजे हे खोटं होतं? का खरं होतं?"

मला सांगता आलं नाही. खरंच सांगता आलं नाही! रोझलीन घरात शिरली की आधी खिडक्या उघडायची. रेजिना आली की आधी हात धुते. दोघी वेगळ्या आहेत, एवढंच मला ठाऊक आहे. त्यापलीकडचं काही माझ्या हाताला लागत नाही.

"जाऊ दे," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं नाही म्हणा म्हणून."

टांगा हलायची वेळ झाली तरी इनेझने तिचा पदर मुठीत धरलेला. रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती धरून बसली होती. रेजिनाला सोडवता येईना. मग मी सोडवला. एकेक बोट करून.

मंगळवार, १२ एप्रिल. भुसावळ.

वर्कशॉप. पोरी शाळेत. आमटी करपली.

रविवार, २४ एप्रिल

इनेझला चार दिवस ताप. दोन दिवस मी रजा घेतली, दोन दिवस पॉलिन घरी राहिली. तिची परीक्षा होती. गणिताचा पेपर बुडाला. मला सांगितलंच नाही तिने! आज शेजारच्या बेटीबाईंनी सांगितलं— "अहो, तुमची पोरगी परीक्षा सोडून धाकटीच्या उशाशी बसली होती."

पॉलिनला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही बरं म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही."

शनिवार, १४ मे

कॉन्रॅडचं पत्र. ईस्टरनंतरचं पहिलंच. चार ओळी.

रेजिनाने घरी सांगितलं. जूनच्या मध्याला कुवेतला जातेय. बाबांनी रडून पाहिलं, आयने दोन दिवस जेवण सोडलं, ती ऐकत नाही. शेवट असा: ‘तू भर पंगतीत तिला नाकारलंस. ती लाज घेऊन तिला गावात तोंड दाखवता येईना म्हणून चालली, असं आय म्हणते. एक मुलगी तुझ्या घरी गेली, दुसरी तुझ्यामुळे.’

रेजिनाने खरं काय ते सांगितलेलं दिसत नाही. सात वर्षांच्या रात्रपाळ्या सांगण्यापेक्षा माझ्यामुळे जातेय हे सोपं पडलं असेल तिला. तिने कसं सांगायला हवं होतं? मी तरी कसं सांगितलं होतं?

उत्तर लिहायला बसलो. पानभर लिहिलं— समुद्रावर काय बोलणं झालं ते. मग फाडलं. पोस्टकार्ड घेतलं. ‘पत्र मिळालं. पोरी बऱ्या आहेत. तिला सुखरूप प्रवास.’

राग यायला हवा होता. वाट बघितली. आला नाही.

मंगळवार, ७ जून

शाळा पुढच्या आठवड्यात उघडते. पॉलिन म्हणाली, "पपा, मी यंदा घरी राहते. इनेझ जरा मोठी झाली की परत जाईन. एकच वर्ष." चपात्या लाटत होती. पाठ माझ्याकडे. सगळं ठरवून झालेलं होतं तिचं.

‘बरं’ तोंडात आलं होतं. अगदी जिभेवर.

"नाही," मी म्हणालो. "तू शाळेत जायचं."

"मग हे कोण करणार?"

"बघू."

"कोण बघणार?"

पण नाही म्हणालो ते म्हणालो. जेवताना तिने दोनदा माझ्याकडे बघितलं.

रविवार, १९ जून

आय आली. एकटी! राजोडीहून इथवर, आयुष्यात पहिल्यांदा एकटी. दार उघडलं तर पत्र्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर आणि मागे आय, घामाने भिजलेली.

आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "रेजिना शुक्रवारी इमानात बसली. जाताना सगलं सांगून गेली. तू काय बोल्लास, कोनासाठी बोल्लास."

मी हमालाच्या डोक्यावरून ट्रंक उतरवून घेतली.

"मला आदीपासून ठावं होतं ती जायचं बघते ते. म्हनून तर तुझ्या गल्यात बांधत होते. पोरींचं नाव पुढं केलं. माझी एक गेली, दुसरी तरी हाताशी ऱ्हाईल म्हटलं." दम घेतला तिने. "पोरींना कोन बघतं?"

"पॉलिन."

"आता मी बघीन. म्हाताऱ्याला हिल्डा बघंल. सरक, आत येऊ दे."

आय, या, असं म्हणायला तोंड उघडलं. आणि तिथेच उंबऱ्यात बसून रडलो. हमाल बघत होता, बेटीबाई बघत होत्या, थांबवता येईना. ती मला ओलांडून पोरींना हाका मारत आत गेली.